जोशी सरांचं मशीन

प्रिय कुंदे,

फोनवर तुझं अर्धं लक्ष नातवाकडे असतं, म्हणून लिहायला बसले. माझे गुडघे तसेच, ह्यांचं बीपी गोळीवर ठीक.

धंतोलीतल्या कामाचं तुला सांगितलंच आहे. बंद झालेल्या नर्सिंग होमांचं, सर्जिकलवाल्यांकडचं उरलेलं सामान येतं, आम्ही निवडतो आणि कंटेनर भरला की मलावीला रवाना. न्हावा-शेवाहून जहाजानं मोझांबिकच्या बैरा बंदरात, पुढं ट्रकनं, कारण मलावीला समुद्रच नाही. औषधं आम्ही घेत नाही. तू असतीस तर रमली असतीस गं! कॉलेजची पोरं कॅन्युलांवरचे, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायच्या नळ्यांवरचे, नंबर वाचत बसतात आणि मी लांबूनच रंग बघून वाटण्या करते. पिवळ्या रंगाच्या म्हणजे लेकरांसाठीच्या, त्या वेगळ्या. आपण ग्लोव्हज धुवायचो, हवा भरून पाण्यात बुडवायचो, बुडबुडा आला की बाद, मग पावडर लावून ऑटोक्लेव्हला, हे पोरींना खरंच वाटत नाही. एक अख्खा लॉट कुणीतरी मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला होता, सगळे ग्लोव्हज एकमेकांना चिकटलेले. स्टराइल पाकीट मी अजून उजेडाकडे धरूनच बघते. पाण्याचा डाग दिसला की बाद, तारीख कितीही पुढची असो. चिटल फोर्सेपही आलेत बरं का, निर्जंतुक सामान उचलायचे ते आपले लांब चिमटे, डझनभर. त्यातला एक तुझ्या नावानं वॉर्डात जमा करावा म्हणते. तूच हरवला होतास, मी मरेपर्यंत हेच म्हणणार.

आता ज्याच्यासाठी लिहितेय ते. जोशी सर आले होते. अॅनॅटॉमीचे, आपले. २०२१ च्या लाटेत काकूंसाठी घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, ऑटोत घालून स्वतः घेऊन आले. पुसून लख्ख केलेला, वर काकूंचं नाव लिहिलेला कागद चिकटवलेला. म्हणाले, "शैला, तिच्या नावानं कुणाला तरी श्वास मिळू दे."

मशीन सुरू होतं. हिरवा दिवा लागतो, बाटलीत बुडबुडे येतात. पण आमच्याकडच्या पोरानं अॅनालायझर लावला तर मिनिटाला पाच लिटरच्या धारेत ऑक्सिजन फक्त ७१ टक्के. डब्ल्यूएचओ ८२ च्या खाली चालवून घेत नाही. पडून पडून आतल्या झिओलाइटनं, म्हणजे हवा गाळणाऱ्या दाण्यांनी, ओल धरलीय, तो आता नायट्रोजन अडवत नाही. आणि बुडबुडे तर येतच राहतात, कुंदे. तोच घात आहे.

बाकीचे म्हणतात, सरांचं मन मोडू नका, जाऊ द्या, तिकडं काहीच नसण्यापेक्षा बरं. मी कडाडून भांडले. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात ५००० टन औषधं आणि सामान येऊन पडलं, तर काय काय आलंय हे नीट कळायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. देणाऱ्यांचं मन राखायचं म्हणून घेणाऱ्यांनी उपसत बसायचं? औषध पोहोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, हा नियम काय उगीच झाला? आम्ही तो टाक्यांच्या धाग्यांनाही लावतो, मग मशीनला सूट कशाला?

पण खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते तुलाच ठाऊक. तिकडं रात्रपाळीला एकटी सिस्टर असेल, ऑक्सिमीटर असेल-नसेल. बुडबुडे बघून ती निश्चिंत होईल आणि पुढच्या खाटेकडे वळेल. आठ नंबरचा वॉर्ड आठवला ना? ऑक्सिजन सिलिंडरचा काटा फुल दाखवत होता. पारडीची ती बाई सारखी विचारत होती, "सिस्टर, लागला नं ऑक्सिजन?" आणि आपण काट्याकडे बघून हो हो म्हणत होतो. सिलिंडर रिकामा. गेज अडकलंय हे तू किती आधी लिहून दिलं होतंस! सकाळी साहेबांनी रजिस्टरमध्ये काय लिहायला लावलं, ते मी विसरलेले नाही. तूही नसशील.

ते मशीन मी असं जाऊ देणार नाही. पण सरांना अजून सांगवलं नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, जहाज कधी निघतं म्हणून. काल विचारत होते, काकूंचं नाव मराठीत लिहिलंय, तिकडच्यांना वाचता येईल का, की इंग्रजीत लिहून देऊ? काय बोलणार गं.

तुझे जावई बायोमेडिकलमध्ये आहेत ना? या मॉडेलच्या सीव्ह बेड, त्या झिओलाइट भरलेल्या नळकांड्या, नव्या मिळतील का, एवढं विचार. पैसे मी घालते, सरांना कळायचं कारण नाही. प्लग तर बदलायचाच आहे, तिकडं ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे चालतात, ते काम पोरं करतील. बेड बसवल्यावर आकडा वर आला तर काकूंच्या नावासकट जाईल. नाहीच आला तर सरांना समोर बसवून सांगावं लागेल, आणि तेव्हा तू इथं हवीस. तू त्यांची लाडकी, तुझं ऐकून घेतील.

रश्मीचं बाळंतपण सुखरूप झालं ना? घराचं रंगकाम आटोपलं? दिवाळीला येते म्हणालीस, ती आधीच ये, विदर्भ एक्स्प्रेसनं, सकाळी मी स्टेशनवर असेन. जावईबापूंना मात्र आजच विचार, मॉडेल नंबर मागच्या पानावर लिहिलाय.

तुझी,
शैला