स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बेटीहिल गावातल्या अनोळखी मंडळींना थँक्यू!

नवऱ्याचं मूळ स्कॉटलंडच्या हायलँड्समधलं, स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातलं. १८१४ नि १८१९ ला जमीनदारांनी मेंढ्या चारायला जागा हवी म्हणून लोकांना तिथून हुसकून लावलं, बरेचजण किनाऱ्याला आले, आणि इथे बेटीहिलला तर ज्याला बघावं तो मॅकाय आडनावाचा, मग जुन्या चर्चच्या आवारातल्या थडग्यांत नवऱ्याचा पूर्वज, आपला मॅकाय, ओळखायचा कसा? तिथल्या एका काकूंनी थडग्यावरचं दगडफूल अजिबात खरवडू दिलं नाही (बरंच झालं), आरसा तिरका धरून ऊन पाडलं तर पुसट अक्षरं चक्क उठून दिसली, त्यात बायकोचं माहेरचं आडनाव, तिकडे ते कोरतात, त्यावरून १८५५ नंतरच्या सरकारी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींत माणूस सापडला की हो! काकू, टॉर्चवाले आजोबा, रजिस्टर चाळणारी पोरगी, सगळ्यांचे मनापासून आभार. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत कुणी!