"राज्य आपलं थोडंच आहे" म्हणालास त्याबद्दल

प्रिय चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एक वाक्य बोललास ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर हे सगळं बोलून होत नाही, तुझी मीटिंग लागते आणि माझं निम्मं राहून जातं. मिशिगन सोडून जायची ती टेक्सासची ऑफर चांगली आहे, पगार जास्त आहे, तिकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, सगळं मान्य. जायचं का नाही ते तू आणि सूनबाईंनी ठरवायचं, त्यात मी पडत नाही. पण "मिशिगनचं काय व्हायचं ते होवो, ते राज्य आपलं थोडंच आहे, आणि तिथले उद्योगपती पण जे करतात ते स्वतःच्या फायद्यासाठीच" असं जे म्हणालास ना, ते मला लागलं. का लागलं ते सांगतो.

२००८ ची दिवाळी आठवते का तुला? तू अकरावीत होतास. आपल्या वाळूजच्या शेडमधून महिन्याला गाड्यांना लागणाऱ्या बारा हजार पिना जायच्या, आपल्या कस्टमरकडून पुढे त्या मिशिगनमधल्या डेट्रॉईटकडेच, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांच्या शहराकडे जात होत्या. डिसेंबरचं शेड्यूल आलं ते निम्मं, जानेवारीचं पाव, आणि फेब्रुवारीत तर मेलमध्ये नुसतं शून्य. तयार माल गंजरोधक कागदात गुंडाळून खोक्यात भरून ठेवलेला होता, उचलायला कोणी नाही. मी दर रविवारी एकटा शेडवर जायचो, एकेक खोकं उघडून चार पिना हातात घेऊन उजेडाला धरून बघायचो, गंजाचा ठिपका आलाय का, मग परत तेलात बुडवून ठेवायचो. आईच्या पाटल्या त्याच वर्षी बँकेत गेल्या, हे तुला नंतर कळलं. सहा जणांपैकी दोघांना घरी बसवावं लागलं, त्यातल्या एकाच्या बायकोने मला बाजारात ओळख दाखवली नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून मी मिशिगनची बातमी दिसली की वाचतो. म्हणजे तू तिथे जायच्या कितीतरी आधीपासून ते राज्य आपल्या घरात आहे.

आणि तिथे काय झालं होतं ते तर आपल्यापेक्षा भयंकर. २००० ते २००९ या दहा वर्षांत त्या एका राज्यात साधारण ८ लाख नोकऱ्या गेल्या. गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांपैकी ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लर दिवाळखोरीत, १ जूनला जनरल मोटर्स (जीएम). बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास गेली. २०१० ची जनगणना झाली तेव्हा अमेरिकेच्या ५० राज्यांत लोकसंख्या घटलेलं हे एकच राज्य. माणसं घराला कुलूप लावून निघून गेली, बरीचशी टेक्सासलाच गेली असतील.

आता तुझा मुद्दा घेतो, कारण तो सगळा चुकीचा नाहीये. उद्योगपतींनी मिशिगन वाचवलं असं जे भाषणात सांगतात ते अर्धंच खरं आहे. जीएम आणि क्रायस्लर वाचल्या त्या सरकारच्या पैशावर, म्हणजे सगळ्या देशातल्या करदात्यांच्या पैशावर. आणि तिथल्या मोठ्या लोकांनी आधीही प्रयत्न केलेच होते. १९६७ च्या डेट्रॉईटच्या दंगलीनंतर फोर्ड कंपनीच्या दुसऱ्या हेन्री फोर्डने बाकीच्या बड्या लोकांना बरोबर घेतलं, १९७० मध्ये डेट्रॉईट रेनेसान्स नावाची संस्था काढली, नदीकाठी ७३ मजल्यांचं हॉटेल आणि त्याभोवती टॉवर असं मोठं काम उभं केलं, १९७७ ला उघडलं. तू मला पुलावरून दाखवलंस तेच. चकचकीत झालं, पण आजूबाजूच्या गल्ल्या तशाच ओस पडत गेल्या. १९५० ला त्या शहरात साडेअठरा लाख माणसं होती, २०१० ला सात लाखांवर थोडी. नुसत्या इमारतीने शहर थांबत नाही हे त्यांना तिथे कळायला हवं होतं, बराच वेळ लागला.

२००९ मध्ये त्याच संस्थेचं नाव बदलून बिझनेस लीडर्स फॉर मिशिगन केलं, एका शहरापुरतं न बघता सगळ्या राज्याचा प्लॅन करून मांडायला लागले. धंद्यावरचा कर फार किचकट आहे तो काढा, सरकारचा हिशोब ताळ्यावर आणा, युनिव्हर्सिट्यांकडे लक्ष द्या, असं बरंच होतं त्यात. रिक स्नायडर म्हणून कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या पदावर राहिलेला माणूस गव्हर्नर झाला आणि २०१२ पासून तो जुना कर जाऊन कंपन्यांना सरळ ६ टक्के असा साधा कर आला. हे मला लघुउद्योजक म्हणून एकदम पटलं, कर किती आहे यापेक्षा तो कळत नाही हा त्रास मोठा असतो, मी स्वतः भोगलाय. पण त्याच वेळी तिजोरीतला खड्डा भरायला पेन्शनवर कर लावला. इथे माझा त्या लोकांवर राग आहे आणि तो मी लपवणार नाही. तीस-चाळीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस, आता त्याचं उत्पन्न वाढायला काही मार्ग नाही, त्याच्या ताटातून काढायचं आणि वर सगळ्यांनी थोडा त्याग करायचा म्हणायचं. तो कर टप्प्याटप्प्याने काढून टाकायचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं. म्हाताऱ्या माणसाची मधली दहा-अकरा वर्षं कोण परत देणार?

तर तुझ्या बाजूचं सगळं मी बोललो. आता माझं ऐक.

२०१३ चा मार्च. डेट्रॉईटच्या महापालिकेकडे पैसा नाही, साधारण ४० टक्के रस्त्यावरचे दिवे बंद, अँब्युलन्स बोलवली तर कधी येईल भरवसा नाही. मेयर होते डेव्ह बिंग, ते बास्केटबॉलचे मोठे खेळाडू आणि नंतर स्टीलचा धंदा करून गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणारे, म्हणजे आपल्याच जातकुळीचे, व्हेंडर. आणि रॉजर पेन्स्केने पुढाकार घेऊन तिथल्या कंपन्यांकडून ८० लाख डॉलर गोळा केले, त्यातून १०० पोलीस गाड्या आणि २३ अँब्युलन्स शहराला दिल्या. पेन्स्के म्हणजे ट्रकवाले, रेसिंगवाले.

हे वाचलं तेव्हा मला आपलं २०१० आठवलं. आपल्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज आल्या होत्या, देशभर बातमी झाली. मी पण रस्त्यात उभा राहून बघत होतो आणि छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू, मुंबई-पुण्यावाल्यांना आपण आहोत हे कळलं पाहिजे अशी एक जिद्द होती त्यात आणि ती चांगलीच होती. पण पेन्स्केच्या त्या १२३ गाड्यांचं वाचल्यावर माझ्या मनात आलं की गाव उभं करायचं तर अशा गाड्या. मी मसिआच्या, म्हणजे आपल्या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये हे बोलून दाखवलं होतं, वाळूजमध्ये रात्रपाळीला अपघात झाला तर गाडी मिळायची मारामार आहे त्यावर आपण काही करू या का म्हणून, चारपाच जण तयार पण झाले, पण मग सगळ्यांचं मार्च एंड आलं आणि राहिलं ते राहिलंच. माझ्याकडून पाठपुरावा झाला नाही, ते सलतं.

मग जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, १८ अब्ज डॉलरच्या आसपास देणं. शहराच्या म्युझियममधली चित्रं विकून देणी भागवायची इथपर्यंत गोष्ट गेली होती. तेव्हा मोठमोठ्या फाउंडेशननी ३६ कोटींच्या वर डॉलर कबूल केले, राज्याने दिले, म्युझियमने आपल्या देणगीदारांकडून १० कोटी उभे करायचं ठरवलं, त्यात जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही गाडी कंपन्यांनी मिळून २ कोटी ६० लाख टाकले. अट काय, तर चित्रं विकायची नाहीत आणि पैसा पेन्शनसाठी जायचा. तरी साध्या कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्के कापलं गेलं, महागाईची वाढ बंद झाली, दवाखान्याची सोयही बरीच गेली, पण त्याआधी याहून फार मोठी कपात होणार असं बोललं जात होतं. हा एकच सौदा मला असा दिसतो की ज्यात पैसेवाले, सरकार आणि पेन्शनवाला एका टेबलावर बसले.

आणि तो डॅन गिल्बर्ट. २०१० मध्ये त्याने आपली गृहकर्जाची कंपनी उपनगरातून उचलून ओसाड डाउनटाऊनमध्ये आणली, पहिल्या खेपेला १७०० माणसं. बिल्डिंगा स्वस्तात घेत गेला, शंभराच्या वर झाल्या. तू म्हणशील फायदा झाला ना त्याचा. झालाच. अरे पण ज्या गल्लीत संध्याकाळी कोणी उभं राहत नव्हतं तिथे त्याने रोज सकाळी १७०० माणसं आणली, त्यांना जेवायला लागतं, पार्किंग लागतं, केस कापायला लागतात. नुकसान झालं असतं तर ते पण त्याचंच होतं. जो स्वतः तिथे अडकलाय त्याचा फायदा झालेला मला चालतो. लांब बसून सल्ला देणाऱ्याचा चालत नाही.

तू आम्हाला २०२४ च्या उन्हाळ्यात ते जुनं रेल्वे स्टेशन बघायला नेलंस ना, मिशिगन सेंट्रल, आई तिथल्या बाकावर किती वेळ बसून होती. १९८८ ला शेवटची गाडी गेली आणि तीस वर्षं खिडक्या फुटलेल्या, लोकांनी सगळं ओरबाडून नेलेलं. २०१८ मध्ये फोर्डने ते विकत घेतलं आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी नाव न सांगता फोन केला की स्टेशनचं घड्याळ अमुक पडक्या इमारतीजवळ ठेवलंय, घेऊन जा. इतकी वर्षं ते त्याने सांभाळलं होतं. ते वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं ओंकार. चोरून नेलेली वस्तू माणूस परत आणून ठेवतो, कारण कोणीतरी आता इथे खरंच राहायला आलंय असं त्याला दिसलं. २०२३ मध्ये त्या शहराची लोकसंख्या १९५७ नंतर पहिल्यांदा थोडी वाढली म्हणतात, हजार-दोन हजारच, पण खाली जाणारा काटा थांबला.

इथे आपल्याजवळच्या बिडकीनला कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये करार केला, जमिनीचे भाव विचारू नको. सगळे प्लॉट घ्यायच्या मागे आहेत. मी मात्र विचारतोय की आयटीआयच्या पोरांना कोण शिकवणार, त्यांच्यासाठी मशीन कोण देणार, तर सगळे गप्प बसतात. या वेळी मी सोडणार नाही, शेडमधलं जुनं लेथ विकायचं नाही असं ठरवलंय, संध्याकाळी चार पोरं शिकतील त्यावर.

आणि म्हणून तुझ्याबद्दल आता. तूच मागे बोलला होतास की तिकडे एका शाळेत शनिवारी मुलांना मशीनिंग दाखवायला माणसं मागतायत, तुमच्या कंपनीतून दोघं जातात, आणि तू "बघू" म्हणालास. टेक्सासचं उत्तर द्यायला तुझ्याकडे अजून दोन महिने आहेत. तेवढे आठ-नऊ शनिवार जाऊन तर ये. मग टेक्सासला गेलास तरी माझं काही म्हणणं नाही.

आईने शेजारच्या काकूंच्या मुलीबरोबर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, ती १४ तारखेला निघतेय. त्याच पिशवीत माझा जुना मायक्रोमीटर ठेवलाय, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा, मिटुटोयो कंपनीचा, २००९ मध्ये त्या पिना मोजलेला. डिजिटल नाहीये, पोरांना स्केल वाचायला लागेल, ते बरंच आहे. आधी शून्य तपासून घे, प्रवासात हललं असेल तर छोटा पाना केसमध्येच आहे.

तुझा,
बाबा