आठपट कामाचा हिशेब

महोदय,
पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या ‘अर्का’ महासंगणकाचा ११.७७ पेटाफ्लॉप्स हा आकडेमोडीचा वेग सगळ्यांना पाठ झालाय. त्यावर चालणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीचे तुकडे करून ते हजारो प्रोसेसरांना वाटतात. अंदाज काळाच्या छोट्या छोट्या पावलांनी पुढे सरकतो आणि प्रत्येकाला दर पावलाला शेजाऱ्याकडून सीमेवरचे वारे, तापमान मागून घ्यावे लागते. ज्याच्या वाट्याला पावसाळी ढगांचा तुकडा येतो तो रेंगाळतो, बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. (वीज तेव्हाही जळतेच!) २०२५मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या हवामान अंदाजाच्या मॉडेलने पृथ्वीवर आखलेल्या जाळीची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आणली. अशाने काम दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. चौकटी चौपट होतात, शिवाय काळाची पावलेही निम्म्या लांबीची, म्हणजे दुप्पट संख्येने, घ्यावी लागतात. नव्या यंत्राच्या निविदेबरोबर जुने फोरट्रान (या मॉडेलांची जुनी प्रोग्रामिंग भाषा) सुधारणाऱ्यांच्या पदांचीही जाहिरात निघावी.

– एक निवृत्त प्रोग्रामर, पुणे