अण्णा, इंजिन थंड आहे

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील आमच्या इंजिन-मिस्त्री अण्णांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आभार मानायला फोन केला की तुम्ही "कामाचं काय असंल तर बोला" म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. आता ठेवा बघू फोन!

देवगडच्या माझ्या मावसभावाची बोट पुन्हा समुद्रात जायला लागली. बांगडा किती मिळतो ते दर्याच्या हाती, पण इंजिनाच्या तापमानाचा काटा जिथं बसायला हवा तिथंच बसून आहे. भर लोडवरही हलत नाही.

मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, दुरुस्तीला काय तो तेवढाच काळ. भर पावसात ते जुनं डिझेल इंजिन टेम्पोत घालून फोंडा घाटातून राधानगरीमार्गे वर आणलं, तेव्हा बंदरावरचे लोक हसले होते. "समुद्राचं इंजिन घाटावर नेऊन काय पंचगंगेत चालवणार?" त्यांचंही खरं होतं म्हणा. उद्यमनगरात बोटीचं इंजिन रोज थोडंच येतं? पण भोगावतीकाठच्या शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं तुम्ही उभा जन्म दुरुस्त केलीत. नदीचं पाणी पंपाच्या डिलिव्हरीतून बारक्या नळीनं इंजिनात घ्यायचं आणि गरम झालं की पाटात सोडायचं, हा खेळ तुम्हाला तोंडपाठ. 2019 च्या पुरानंतर गाळानं भरलेले वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) किती साफ केलेत ते तुम्हीच जाणे. समुद्रात एवढंच वेगळं, की पाणी खारं आणि गडी पाण्यावर तरंगणारा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटारीला रेडिएटर असतो, या जुन्या इंजिनाला तो नाही. समुद्राचं पाणीच थेट आत फिरतं. बोटीच्या तळाच्या वॉलमधून (व्हॉल्व्हमधून) ते येतं, जाळीतून गाळून पंपात, पंपातून ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात), तिथून धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये आणि शेवटी एल्बोत, म्हणजे धुराच्या वाकड्या नळीत, धुरात मिसळून धुरासकट बाहेर.

आमच्याकडे बाहेर पाणी धो धो पडत होतं आणि इंजिन तरीही तापत होतं. एका मेकॅनिकनं नवा पंप बसवला. दुसऱ्यानं "कटकटच नको" म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की आपोआप उघडणारा वॉल, काढून टाकला. मग तर जास्तच तापायला लागलं. शेवटी सगळ्यांचं निदान एकच: इंजिन संपलं, नवीन घ्या.

तुम्ही पान्याला हात लावण्याआधी विचारलंत, "बोट पाण्यात उभी असताना पाण्याची रेघ इंजिनाला कुठं येती?" भावाला काही सांगता येईना. तुम्ही त्याला देवगडला परत पाठवलंत, इंजिनाच्या पायापासून रेघेपर्यंतचं माप आणायला लावलंत आणि ते येईपर्यंत कामच सुरू केलं नाहीत. माप आल्यावर स्टँडवरच्या इंजिनाभोवती नायलॉनची दोरी ताणून निळ्या खडूनं रेघ मारलीत. एल्बोत पाणी जिथून धुरात पडतं, त्या नोझलच्या वरून ती रेघ गेली. तुम्ही फक्त "हां" म्हणालात. त्या "हां"चा अर्थ आम्हाला दोन दिवसांनी कळला.

आधी तापण्याचं बघितलंत. पिंपातून पाणी ओढायला लावून इंजिन सुरू केलंत. पोरानं नळाचा पाइपच जोडायला आणला होता, त्याला हाकललंत. नळाचं पाणी दाबानं येतं, इंजिन बंद पडलं तरी ते आत शिरत राहतं आणि सायलेन्सर भरला की थेट सिलिंडरात उतरतं. बोट धुताना आमच्याकडे कित्येक जण तसंच करतात. त्यांनी हे वाचावं. मग तुम्ही हेडवर तळहात ठेवलात आणि झटकन काढलात. तोच हात मॅनिफोल्डवर ठेवलात, तो निवांत राहिला. "हितं हात टिकत न्हाई, अन् हितं गारेगार. पाणी येतंय, पण कामावर जात न्हाई."

अण्णा, निदान एवढ्या कमी शब्दांत झालेलं मी दवाखान्यातही पाहिलेलं नाही. पंपापासून एक फाटा ब्लॉकला बगल देऊन थेट मॅनिफोल्डकडे जात होता. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, तेव्हा पाणी त्या बगलेनं जावं म्हणून तो दिलेला. थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच खालची चकती ही बगल बंद करते. थर्मोस्टॅटच काढल्यावर बगल कायमची उघडी राहिली, आणि पाणी सोप्या वाटेनं बाहेर पडायला लागलं. मुळात इंजिन का तापत होतं तेही सापडलं. जुन्या पंपात पाणी ढकलणाऱ्या रबरी इम्पेलरची तुटकी पाती ब्लॉकच्या तोंडाच्या बेंडात जाऊन बसली होती. नवा पंप बसवणाऱ्यानं जुन्याची पाती मोजलीच नव्हती!

थर्मोस्टॅट कुठला बसवायचा यावर भावाशी तुमचं जुंपलं. तो मोटारीचा, 82 अंशांचा घेऊन आला होता. खारं पाणी साठ-पासष्टच्या वर तापलं की क्षार आत धरायला लागतात, म्हणून या इंजिनाला साठच्या आसपासचाच हवा, हे तुम्ही त्याला चहा गार होईपर्यंत समजावलंत. (चहा तसाच सोडून. तो परत मागवावा लागला.)

मग पितळ. जोडणीचे सगळे निपल वरून ठणठणीत दिसत होते. तुम्ही एकावर कानस फिरवलीत, आतून गुलाबी निघाला. तोच व्हाइसमध्ये धरून दाबलात तर खारीसारखा चुरा झाला. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. यातला एक निपल तळाच्या वॉलवर होता, पाण्याच्या रेघेखाली. तो समुद्रात सुटला असता तर काय झालं असतं यावर भाऊ आणि मी अजून बोललेलो नाही. तुम्ही सगळे गनमेटलचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या कांस्याचे, करून दिलेत. शिवाय ओढीच्या बाजूला तारेचा होज आणि रेघेखालच्या प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लिपा.

आता तो "हां". नोझल रेघेच्या खाली असेल तर इंजिन बंद झाल्यावरही समुद्राचं पाणी सायफननं, म्हणजे भरलेल्या नळीतून आपोआप ओढलं जाऊन, येत राहतं. रात्रभरात सायलेन्सर भरतो, मग सिलिंडर, आणि सकाळी सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल रेघेच्या वर असलं तरी अंतर वीतभराहून कमी असेल तर तोच धोका. मागच्या वर्षी एकदा इंजिन सकाळी जाम झालं होतं ते यामुळंच, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही मॅनिफोल्डमधून नोझलकडे जाणारी नळी वर उचलून रेघेच्या फूटभर वर नेलीत, माथ्यावर गनमेटलचा उलटा यू बेंड आणि त्यावर हवेचा बारका वॉल. इंजिन थांबलं की वॉल हवा आत घेतो आणि सायफन तुटतो. बेंड बाजारात मिळेना, तर लाकडाचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) स्वतः घासून ओळखीच्या फाउंड्रीतून ओतून आणलात. वॉलमध्ये मीठ साचतं म्हणून तो महिन्याला धुवायचा, हे भावाकडून तीनदा वदवून घेतलंत.

आणि बिल केलंत ऑइल इंजिनाच्या सर्व्हिसिंगचं. ओतकामाचा त्यात पत्ताच नाही. हे काही बरं नव्हे. तुमच्या पोराकडे पाकीट देऊन ठेवलंय, त्याला रागावू नका.

कळावे, लोभ आहेच.
आपला,
देवगडकराचा कोल्हापुरी भाऊ

ता. क. त्या बेंडचा पॅटर्न बंबात घालू नका. बंदरावरच्या आणखी दोघांना तस्साच हवाय. पाण्याच्या रेघेची मापं घेऊनच या, असं त्यांना आधीच बजावलंय.