पाणी, केसपेपर आणि पोटदुखी : प्राथमिक शाळेतील एका नसलेल्या पदाविषयी शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : प्राथमिक शाळांच्या मंजूर पदांत शालेय समाजसेवकाचा समावेश करण्याबाबत

महोदय,

मानखुर्दमधील एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. माझी मुलगी त्या शाळेत चौथीत शिकते. मी एका औषधाच्या दुकानात जमाखर्च लिहिते, आणि बहुधा त्यामुळेच समितीच्या पहिल्याच बैठकीत हजेरीपट तपासण्याचे काम माझ्याकडे आले. आकड्यांच्या रकान्यांत काही खटकले की तिथे थांबायचे ही आमच्या कामाची सवय आहे. त्या सवयीने मी दुसरीच्या वर्गाचा हजेरीपट पाहू लागले, तेव्हा सकाळच्या सत्रात उशिरा येणारी किंवा मुळीच न येणारी बरीच मुले एकाच गल्लीतली असल्याचे माझ्या लक्षात आले.

मी वर्गशिक्षिकांना विचारले. त्यांना कारण आधीच माहीत होते. त्या गल्लीत नळाला पाणी सकाळी साडेसहानंतर येते आणि पाऊण तासात जाते. आई त्या आधीच धुण्याभांड्याच्या कामावर गेलेली असते, वडील रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर उभे असतात, आणि पिंप भरण्याची जबाबदारी घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलावर असते. शाळा सातला भरते. बाईंनी हे कोणाला विचारून काढले नव्हते. शाळा सुटल्यावर त्या स्वतः दोन दुपारी त्या गल्लीत जाऊन आल्या होत्या. पुढे मुख्याध्यापिकांनी त्यांतल्या काही मुलांना दुपारच्या सत्रात घेतले आणि त्यांची हजेरी सुधारली. एका शेजारणीला दोन घरांचे पाणी भरायला त्यांनी राजी केले, हेही मला नंतर कळले. या सगळ्याची नोंद करण्यासाठी शाळेतील कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही.

महोदय, हे पत्र तक्रारीचे नाही, निदान शाळेविरुद्धच्या तक्रारीचे तरी नाही. मुलाच्या आणि त्याच्या घरच्या स्वास्थ्यासाठी प्राथमिक शाळा कितीतरी करते, हे मी तीन वर्षे जवळून पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की हे काम आज कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. ते एखाद्या बाईंच्या दुपारवर, एखाद्या मावशींच्या मायेवर आणि मुख्याध्यापिकांच्या हिमतीवर चालते, आणि त्यांची बदली झाली की तिथेच थांबते.

आरोग्य तपासणीचेच पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यातून शाळेतील मुलांची तपासणी होऊ लागली, हे फार मोठे काम आहे. आमच्या शाळेतही पथक येते, डोळे, दात, कान, वजन पाहते आणि ज्या मुलाला पुढील उपचारांची गरज आहे त्याच्या हाती रुग्णालयाची चिठ्ठी देते. पण चिठ्ठी दिल्याने मूल रुग्णालयात पोहोचत नाही. त्यासाठी आईला कामावर खाडा करावा लागतो, सकाळी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते, कोणत्या मजल्यावर कोणता विभाग हे शोधावे लागते, आणि बहुतेक वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकून परत यावे लागते. दुसऱ्या खाड्याला कामाच्या घरची मालकीण पगार कापते. मग चिठ्ठी दप्तराच्या मागच्या कप्प्यात राहते आणि पुढच्या वर्षी पथक आले की त्याच मुलाला तीच चिठ्ठी पुन्हा मिळते. माझ्या मुलीच्या वर्गातील एका मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, हे दोन वर्षे सर्वांना ठाऊक होते. त्याला चष्मा मिळाला तो शाळेतल्या मावशी एका शनिवारी त्याला आणि त्याच्या आजीला बरोबर घेऊन गेल्या म्हणून. मावशींनी त्या दिवसाची स्वतःची रजा टाकली होती.

मानसिक स्वास्थ्याच्या बाबतीत तर ही वाट आणखी बिकट आहे, कारण तिथे चिठ्ठीसुद्धा नसते. सहा ते दहा वर्षांचे मूल ‘मला ताण आला आहे’ असे म्हणत नाही. ते ‘पोट दुखते’ म्हणते. ते डबा उघडत नाही, शेजारच्या मुलाला चावते, किंवा एकदम शहाण्यासारखे गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलाकडे चाळीसच्या वर्गात कोणाचे लक्ष जाणार? वस्तीत तोडकाम झाल्यावर, वडील व्यसनमुक्ती केंद्रात गेल्यावर, घरात क्षयाचा रुग्ण निघाल्यावर पोटदुखीच्या तक्रारी वाढतात, असा आमच्या बाईंचा अनुभव आहे. शासनाच्या आदेशाने लावलेली तक्रारपेटी शाळेत आहे. ती मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर टांगलेली आहे, आणि पहिलीच्या मुलाला अजून जोडाक्षर लिहिता येत नाही, हे जाता जाता सांगते.

कायदा आणि धोरण या बाबतीत गप्प नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पोषणाबरोबर मानसिक आरोग्याचा उल्लेख करून शाळांत प्रशिक्षित समाजसेवक आणि समुपदेशक आणण्याविषयी स्पष्ट लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना देताना शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था उभी करावी, असे सांगितले आहे. ते प्रकरण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूतून न्यायालयापुढे आले होते, त्यामुळे या सूचनांची चर्चा शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्याभोवतीच फिरत राहिली. शाळा हा शब्द त्यांत आहे, पण प्राथमिक शाळा कोणाच्या डोळ्यांपुढे आली नाही.

आता मुंबईची एक खास अडचण आपल्यापुढे मांडते, कारण ती मंत्रालयातील तक्त्यावर दिसणार नाही. येथे महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन माध्यमांच्या वेगवेगळ्या शाळा भरतात, त्याही दोन सत्रांत. कागदावर प्रत्येक शाळा स्वतंत्र आहे आणि प्रत्येकीचा पट स्वतंत्र मोजला जातो. मराठी माध्यमाचा पट अनेक ठिकाणी घसरत चालला आहे, हे आपण जाणताच. उद्या न्यायालयाच्या सूचनेतील शंभराचा आकडा शाळानिहाय लावला, तर ज्या इमारतीत रोज शेकडो मुले येतात तिथल्या मराठी शाळेला समुपदेशक मिळणार नाही आणि शेजारच्या खोल्यांतील शाळेला मिळेल. दुसरीकडे, सगळ्या इमारतीसाठी एकच व्यक्ती नेमली आणि तिला केवळ मराठी येत असेल, तर उर्दू माध्यमातील मुलाची आई तिच्यापुढे घरातली गोष्ट बोलणार नाही. म्हणून पट इमारतीचा धरावा आणि नेमणूक करताना त्या इमारतीतील भाषा पाहाव्यात, अशी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती पदाविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची संख्या ठरवून दिली आहे आणि दीडशेहून अधिक मुले असल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक सांगितला आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेच्या पदांची मंजुरी, याच हिशेबाने होते. ज्या पदाचे नाव या हिशेबात नाही ते काम शेवटी वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याच शिक्षकाला ऑनलाइन माहिती भरायची असते, पोषण आहाराची नोंद ठेवायची असते, आणि कायद्याच्या कलम २७ ने निवडणूक, जनगणना व आपत्ती निवारण ही कामे वगळलेली नसल्यामुळे तीही करायची असतात. एखाद्या बाईंना दोन दिवसांचे समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन ‘समुपदेशक शिक्षक’ म्हणणे हा उपाय नव्हे. जी बाई सकाळी गृहपाठासाठी रागावते, तिलाच दुपारी घरातले भांडण सांगायचे, हे मुलाला जमत नाही.

प्राथमिक शाळेला खुर्चीवर बसून वाट पाहणारा समुपदेशक उपयोगी नाही, असेही मला वाटते. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, आठवड्यातील काही दिवस वस्तीत फिरणारी, रुग्णालयात बरोबर जाणारी, कोणत्या दाखल्यासाठी कोणत्या खिडकीवर जायचे हे जाणणारी व्यक्ती हवी. बाललैंगिक अत्याचारासारखी गंभीर गोष्ट कानावर आली तर पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे, आणि ते नेमके कसे कळवायचे, मुलाला त्या काळात कोणी सांभाळायचे, हे शिक्षकांना सांगणारे माणूसही तेच. बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केल्यावर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द आपल्याला मिळाला. महाराष्ट्राला ही रीत नवीन नाही.

पालकसभेविषयी थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे सांगितले आहे. पण सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असेल तर रोजंदारीवरची आई येणार नाही आणि मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा पडेल. आम्ही ती रविवारी घेऊ लागलो. त्यासाठी दर वेळी परवानगी काढावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी इमारत उघडायला कोणी तयार नसते. महिन्यातून एका रविवारी शाळेची इमारत पालकांसाठी खुली ठेवण्याचा सर्वसाधारण आदेश निघाला, तर खर्च फारसा नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, हा निर्णय शासनाने २०२४ मध्ये मुलांच्या झोपेचा विचार करून घेतला. दोन सत्रांच्या इमारतींत तो अमलात आणणे अवघड आहे, आमच्याकडे अजून सातच वाजतात; तरीही मुलाची झोप हा शिक्षण विभागाचा विषय आहे, हे त्या निर्णयाने मान्य केले. मग घरातले पाणी, आईचा खाडा आणि आजीबरोबरची रुग्णालयाची फेरी हेही त्याच विभागाचे विषय आहेत. महापालिका, आरोग्य विभाग, महिला व बालविकास विभाग यांच्या फायली वेगळ्या असतील; मूल एकच आहे आणि ते रोज शाळेत येते, किंवा येत नाही.

माझी विनंती आहे की मुंबईतील एखाद्या विभागात, शक्यतो गोवंडी-मानखुर्दच्या आमच्या एम पूर्व विभागात, इमारतनिहाय शालेय समाजसेवकाचे पद एका वर्षासाठी मंजूर करून पाहावे आणि त्याचे यश समुपदेशनाच्या बैठका मोजून ठरवू नये. किती चिठ्ठ्या उपचारापर्यंत पोहोचल्या आणि किती मुले वर्गात परत आली, हे पाहावे. तो हिशेब ठेवायला आमच्यासारखे पालक सदस्य तयार आहेत.

आपल्या कार्यालयाकडून जे उत्तर येईल ते मी पुढच्या पालकसभेत वाचून दाखवीन. सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, इमारतीची किल्ली मिळाली तर वर्गात, नाही तर फाटकाबाहेर.

आपली विश्वासू,
एक पालक सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती, मानखुर्द, मुंबई