जीपची वही, होडीची वही

साउदॅम्प्टन,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी चष्मा लाव आणि खाली बस. उभ्याने वाचू नकोस.

मनूने ग्रुपवर टाकलेला फोटो तू बघितलास, हे वहिनीकडून कळलं. हो, ती होडी आपली आहे, भाड्याची नाही. मार्चमध्ये घेतली. निम्मी माझी, निम्मी शेजारच्या मास्तरांची. तेच, ज्यांना तू गेल्या खेपेला आंबोशीचं लोणचं दिलं होतंस. इतके महिने बोलले नाही, कारण तू अण्णामामाचं नाव काढणार आणि मग मला पुढे बोलता येणार नाही, हे माहीत होतं. मी काही विसरलेले नाही, आई.

दुसरी गोष्ट आताच सांगून टाकते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही ती घेऊन इंग्लिश खाडी ओलांडणार आहोत, फ्रान्समधल्या शेरबूरला. ठरलंय. मे महिन्यात आले नाही त्याचं कारण ऑफिस सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. उरलेल्या सुट्ट्या यासाठी राखल्या होत्या. गणपतीला येतेय, तिकीट काढलंय. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर बाबांनी अर्धं वाचून अंगठा पाठवला असता, म्हणून कागद.

बाबा, आता तुमच्यासाठी. होडीवर लॉगबुक, म्हणजे प्रवासाची नोंदवही आहे आणि ते मीच लिहिते. तुम्ही पहिलं विचाराल, सही कोणाची? कोणाचीच नाही. हौसेच्या खाजगी होडीला इथे लॉगबुकाची कायद्याने सक्ती नाही. निघण्याआधी हवामान, भरती-ओहोटी, अडलं तर कुठे शिरायचं, किनाऱ्यावर कोणाला सांगून ठेवलंय, याचा आराखडा करणं मात्र आमच्यासारख्यांनाही बंधनकारक आहे. वही आपल्या मनाची.

पण माझ्या डोळ्यांसमोर तुमची सरकारी जीपच येते. रात्री दारात उभी, बॉनेट अजून गरम, आणि तुम्ही बॅटरीच्या उजेडात वही भरताय. बॅटरी माझ्या हातात. मी किलोमीटरचा आकडा मोठ्याने वाचायचे, 'पासून' आणि 'पर्यंत' तुम्ही मला लिहू द्यायचात. एकदा मी मंडणगडच्या जागी खेड लिहिलं आणि खोडरबर आणायला धावले, तर तुम्ही रागावलात. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. होडीच्या वहीतही अगदी तसंच करतात. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आणि 'लॉग' म्हणजे मुळात ओंडकाच, बाबा! दोरीला लाकूड बांधून पाण्यात सोडायचे, दोरीला ४७ फूट ३ इंचांवर गाठी, आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचे. जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये सांगतात तो या गाठींमुळे. तुमच्या जीपचं मीटर म्हणजे त्याच ओंडक्याचं नातवंड.

होडी घेतली तीसुद्धा वही बघून. सत्तावीस फुटांची, वयाने माझ्याहून थोडीच लहान. रंग ताजा होता, पण रंगाला कोण भुलतंय! आधीच्या मालकाने अकरा वर्षांच्या वह्या दिल्या. इंजिन किती तास चाललं, तेल कधी बदललं, डिझेल किती भरलं, सगळं त्यात. शेवटच्या दोन वर्षांत दर फेरीला अर्धा लिटर तेल वरून घातलेलं दिसलं. म्हणजे इंजिन तेल पितंय. तेवढ्या ओळींवर मास्तरांनी किंमत उतरवून घेतली. तुम्ही असतात तर आणखी उतरवली असती.

तळाशी थोडं पाणी साठतंच, ते हातपंपाने काढतात. दर वेळी किती दांडे मारले ते मी लिहिते. एप्रिलमध्ये अकरा. मग चौदा. मग चौदाच. मग बावीस. बावीस दांडे म्हणजे काहीच नाही, चहा उकळेपर्यंत होतात, आणि नुसते आठवणीत ठेवले असते तर 'नेहमीसारखंच' म्हणून सोडून दिलं असतं. पण अकराखाली बावीस लिहिलेलं दिसलं, म्हणून मास्तर मागे वाकून बघायला गेले. पंख्याचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथलं पॅकिंग सैल झालं होतं. नट पाव फेरा आवळला. पुढच्या खेपेला बारा.

आता धुक्याचं सांगते. घाबरू नकोस आई, म्हणजे थोडीशी घाबर, पण पुढे वाच. मे महिन्यात पूल नावाच्या बंदराहून परतताना धुकं उतरलं आणि त्याच वेळी नकाशाचा स्क्रीन काळा झाला. एक वायर निखळली होती. माझा फोन नऊ टक्क्यांवर. (बाबा, बोलू नका.) पण वहीत दुपारी २.२०ची नोंद होती: जागा, दिशा पूर्व, वेग ५ नॉट. पंचवीस मिनिटं झाली होती, म्हणजे दोन मैलांहून थोडं जास्त, अधिक मागून ढकलणारी भरती. कागदी नकाशावर पेन्सिलीने रेघ मारली आणि खोली मोजून बघितली. जुळली. तरी वेग कमी केला, भोंगा वाजवत राहिलो, आणि अर्ध्या तासाने हर्स्टचा किल्ला जिथे असायला हवा तिथेच दिसला. तेव्हा मला भीती वाटली नाही. घरी येऊन वाटली, ते खरं.

भरतीवरून आठवलं. बाबा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपला हिशेब इथेही चालतो! पोर्ट्समथला पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास, अष्टमीची सहाच्या. फक्त इथली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात, तेवढा मिळवायचा. अर्थात आम्ही तक्ताच बघतो, पण मास्तरांना दिनदर्शिकेवरून तिथी काढून भरती सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेरबूरचा हिशेब असा. यार्मथहून पहाटे चारला निघायचं. साधारण ६५ सागरी मैल, म्हणजे १२० किलोमीटर. दापोलीहून चिपळूणला जाऊन परत आल्यासारखं समज, फक्त ताशी नऊ किलोमीटरने. तेरा तास. प्रवाह सहा तास पूर्वेला ओढतो, सहा तास पश्चिमेला, त्यामुळे बरंचसं फिटतं. मधे मोठी जहाजं आडवी जातात, ती यंत्रावर नावासकट दिसतात. शेरबूरच्या बंदरात कुठल्याही भरती-ओहोटीला शिरता येतं. आम्ही तिघं आहोत, लाइफ जॅकेट अंगावर, पट्ट्याने होडीला बांधलेले. आत शेगडी आहे, ती होडीबरोबर डुलते पण पातेलं सांडत नाही. आल्याचा चहा, मेतकूट-भात, तुझे बेसनाचे लाडू उरलेत सात. संडास आहे. कोरडे मोजे चार जोड. उलटीची गोळी आदल्या रात्रीच घेणार. बॅरोमीटर दर तासाला लिहिणार. तीन तासांत सहा मिलिबारहून जास्त उतरला तर जोराचा वारा येतोय असं धरायचं. निघण्याआधीच तसं दिसलं तर निघायचंच नाही.

आणि आता तुमच्या बॅरोमीटरचं. आईला चक्कर येते, ती कधीपासून? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस 'पाडव्यापासून', बाबा म्हणाले 'होळीच्या आधी', आणि दादा म्हणाला 'मला वाटतं बरीच आहे आता'. बाबा, तुम्ही बत्तीस वर्षं सरकारी जीपचा एक किलोमीटर चुकवला नाहीत, आणि आईचा बीपी १४८ आला तर फोनवर मला '१४०च्या आसपास' सांगता? वही घ्या. शंभर पानी, रेघांची. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा, नाडी. पाच मिनिटं शांत बसल्यावर, एकाच हातावर, सकाळी गोळीआधी आणि रात्री. चक्कर आली तर तेव्हा काय करत होती ते लिहा. 'बरं वाटतंय' ही नोंद चालणार नाही. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ.

आई, विहिरीच्या पायऱ्या बंद. पंप बसवलाय तो शोभेला नाही. आणि माझ्यासाठी उपास धरू नकोस, गोळ्या रिकाम्या पोटी जातात. रागावून लिहीत नाहीये गं. इथे रात्री बाहेर वारा सुटला की मला अजून तुझ्या कुशीत, गोधडीखाली आहे असंच वाटतं.

निघताना 'निघाले' एवढाच मेसेज करीन, तुमच्याकडे सकाळचे साडेआठ असतील. मधे सहा-सात तास फोन लागणार नाही, लावत बसू नका. पोचले की तुमच्या रात्री साडेनऊच्या सुमारास. अकरापर्यंत उशीर धरा, वारा आपल्या हातात नसतो. मास्तरांच्या बायकोकडे सगळा आराखडा लिहून ठेवलाय, तिचा नंबर दादाला दिलाय.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, शाईचं पेन नको, घामाचा हात लागला की पसरतं. पेन्सिल वापरा. पहिलं पान भरलं की फोटो पाठवा, मी निघण्याआधी.