अपडेटमध्ये काढून टाकलेली स्क्रीन मिररिंगची सोय परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (टीव्ही)

प्रेषक : सचिव, द्राक्ष उत्पादक शेतकरी गट, ता. तासगाव, जि. सांगली
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५

विषय : खोक्यावर छापून विकलेली, फोनची स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर दाखवण्याची सोय सॉफ्टवेअर अपडेटनंतर नाहीशी झाल्याबाबत

महोदय,

मागच्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही सांगलीतल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून ५५ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. गटातल्या सगळ्यांनी वर्गणी काढली, बिल माझ्या नावावर आहे. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. टीव्हीच्या चित्राबद्दल आमची तक्रार नाही. चित्र स्वच्छ आहे, आवाज शेडभर पोहोचतो. दुकानदारही भला माणूस आहे, त्याच्याकडून आम्हाला काही त्रास झालेला नाही. तक्रार आहे ती आपल्या कंपनीने नंतर जे केले त्याबद्दल.

टीव्ही घेताना मी दुकानात एक गोष्ट मुद्दाम करून दाखवायला लावली. माझ्या फोनचा मोबाईल डेटा बंद केला, दुकानाच्या वायफायलाही फोन जोडला नाही, आणि म्हटले, आता या फोनचा कॅमेरा टीव्हीवर दिसला पाहिजे. दुकानातल्या मुलाने टीव्हीत ‘स्क्रीन शेअर’ उघडले, फोनमधून टीव्ही शोधला, आणि समोर ठेवलेले कॅलेंडर कॅमेऱ्यातून थेट टीव्हीवर आले. खोक्यावरही तेच छापलेले होते : ‘फोनची स्क्रीन थेट टीव्हीवर. वायर नको, राउटर नको.’ ते खोके आम्ही टाकलेले नाही. त्या बाजूचा फोटोही सोबत आहे. हे पाहिले नसते तर आम्ही हा टीव्ही घेतलाच नसता. त्याच दुकानात दुसऱ्या कंपन्यांचे टीव्ही स्वस्त होते.

आम्हाला हे का हवे होते ते सांगतो, कारण आपल्या हेल्पलाइनवर प्रत्येकाने ‘यूट्यूब चालतंय ना?’ एवढेच विचारले. आमचा टीव्ही बागेतल्या पॅकिंग शेडमध्ये आहे. तिथे ब्रॉडबँड नाही, आणि मोबाईलची रेंज शेडच्या एका कोपऱ्यात येते न येते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की पुढचे दोन महिने आमचा जीव टांगणीला असतो. दोडा (फुलण्याआधीचा कोवळा घड) आणि फुलोऱ्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला, ढगाळ राहिले, की डाऊनी नावाचा रोग येतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग, आणि पान उलटे केले की त्याच जागी पांढरी लव. हीच लव लवकर ओळखता आली तर घड वाचतो. एकदा ती घडावर गेली की औषध मारून हाती काही लागत नाही. भुरी हा रोग वेगळा, करपा वेगळा, आणि तिघांचे औषध वेगळे. चुकीच्या औषधाची एक फवारणी म्हणजे पैसे गेले आणि दिवसही गेले.

गटातली निम्मी माणसे साठीच्या पुढची आहेत. फोनच्या पडद्यावर पानावरची लव त्यांना दिसत नाही. म्हणून आमची पद्धत अशी होती की ज्याच्या बागेत शंका असेल त्याने सकाळी पान घेऊन शेडवर यायचे. फोनच्या कॅमेऱ्याला छोटे भिंग लावायचे, पान खाली धरायचे, आणि ते हातभर मोठे होऊन टीव्हीवर दिसायचे. वीस-पंचवीस माणसे एकाच पानाकडे बघत आहेत, कोणी म्हणतोय ही भुरी, कोणी म्हणतोय जरा उलटं कर, शिरेजवळ बघ. मणेराजुरी आणि सावळजकडचे शेतकरीही यायचे. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला फोनवर आला की तोही तिथेच सगळ्यांना वाचून दाखवायचो. मागच्या हंगामात विरळणीला येणाऱ्या बायकांना घडातला कोणता मणी कापायचा आणि कोणता ठेवायचा हे आम्ही असेच कॅमेऱ्याखाली कात्री धरून दाखवले. त्या हंगामात घडांचा आकार सारखा आला याचे मोठे श्रेय मी या टीव्हीला देतो, आणि हे मी मनापासून लिहितो आहे.

या पावसाळ्यात गटातल्या एकाने ऑनलाइन चर्चासत्र बघण्यासाठी टीव्हीला आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडला. टीव्हीने अपडेट उतरवून घेतले आणि रात्री आपोआप बसवले. पडद्यावर आले ते इतकेच : ‘कामगिरीत सुधारणा.’ त्यानंतर ‘स्क्रीन शेअर’ हा पर्याय यादीतून गेला तो गेलाच. फोनमधून शोधले तर टीव्ही सापडत नाही. काय काढले, का काढले, परत येणार की नाही, याबद्दल टीव्हीवर एक शब्द नव्हता, आपल्या वेबसाइटवरही सापडला नाही.

हेल्पलाइनवर आम्हाला आधी सांगितले की फोन जुना आहे. मग आम्ही गटातले वेगवेगळ्या कंपन्यांचे, यंदा घेतलेले फोनही लावून पाहिले. एकालाही टीव्ही दिसत नाही. मिरजेहून आपला तंत्रज्ञ आला. त्याने टीव्ही रिसेट केला, फरक पडला नाही, आणि जाताना म्हणाला, “दादा, हे ओटीटीवाल्यांनी बंद केलंय, कॉपीराइटमुळं.” मुलगा नवा होता, त्याच्यावर राग नाही. पण हे उत्तर चुकीचे आहे. कॉपीराइटचे संरक्षण असलेला सिनेमा मिरर केला तर बहुतेक वेळा तेवढा सिनेमा काळा दिसतो. जोडणी तुटत नाही आणि टीव्हीतला पर्यायही नाहीसा होत नाही. शिवाय आम्ही दाखवतो ते आमच्याच बागेतले पान आहे, त्यावर कोणाचा कॉपीराइट?

दोष कुठे आहे हे आम्ही स्वतः तपासले. सावळजच्या एका सदस्याच्या घरी आपलाच, याच मॉडेलचा टीव्ही आहे. त्याला त्यांनी कधीच इंटरनेट जोडलेले नाही, म्हणून त्यात जुनेच सॉफ्टवेअर आहे. माझा फोन त्या टीव्हीला जोडल्या जोडल्या दिसला. तोच फोन शेडवरच्या टीव्हीला दिसत नाही. फोन एकच, मॉडेल एकच, इंटरनेट दोन्हीकडे नाही. फरक आहे तो फक्त आपल्या अपडेटचा. दोन्ही टीव्हींच्या सॉफ्टवेअर आवृत्तीच्या पडद्यांचे फोटो आणि जोडणीचे व्हिडिओ ईमेलने पाठवले आहेत.

हेल्पलाइनचे शेवटचे उत्तर होते, “सर, टीव्हीत कास्ट आहे, ते वापरा. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर ठेवा.” यावर मला सविस्तर लिहावे लागते आहे, कारण आपल्याच लोकांना या दोन गोष्टींतला फरक शिकवलेला दिसत नाही. आम्ही वापरत होतो ते मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१२ साली आणलेले हे तंत्र वाय-फाय डायरेक्टवर चालते, म्हणजे फोन आणि टीव्ही मधल्या राउटरशिवाय थेट एकमेकांना जोडले जातात. फोन आपल्या पडद्यावरचे चित्र तिथल्या तिथे व्हिडिओत बदलून टीव्हीकडे पाठवत राहतो. इंटरनेटचा यात संबंधच नाही. कास्टचे काम वेगळे आहे. यूट्यूबचा व्हिडिओ कास्ट केला की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो आणि व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. कास्टने फोनची पूर्ण स्क्रीनही दाखवता येते, हे मला मान्य आहे, पण त्यासाठी दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात आणि टीव्हीला इंटरनेटही लागते. ज्या शेडमध्ये रेंजच नाही तिथे मला ‘एकाच वायफायवर ठेवा’ सांगणे म्हणजे सोय बंद झाल्याचे मान्य करणेच आहे.

प्रत्येक फोनला मिराकास्ट असते असा आमचा समज नाही. आयफोन ॲपलच्या एअरप्ले या वेगळ्या तंत्राने स्क्रीन दाखवतो. गूगलने २०१५ साली अँड्रॉइड ६ पासून आपल्या स्वतःच्या फोनमधून मिराकास्ट काढले. म्हणूनच मी दुकानात माझ्या फोनवर चालवून पाहिले आणि मगच पैसे दिले. फोनच्या बाजूने आमच्याकडे काहीही बदललेले नाही.

केबल लावा, असेही सांगण्यात आले. फोनच्या टाइप-सी पोर्टमधून एचडीएमआयला चित्र जायचे तर त्या पोर्टला व्हिडिओ बाहेर देण्याची सोय असावी लागते. ती महागड्या फोनांत असते, आमच्या गटातल्या बहुतेकांच्या फोनांत नाही, आणि नुसती केबल विकत घेऊन ती येत नाही. पेनड्राइव्हवर व्हिडिओ भरून दाखवता येतो, पण ‘जरा उलटं कर’ म्हटल्यावर पेनड्राइव्हमधले पान उलटत नाही. राहिला आपल्या प्रतिनिधीने सुचवलेला वेगळा डोंगल, म्हणजे टीव्हीला बाहेरून लावायचे छोटे उपकरण. जी सोय टीव्हीच्या किमतीत एकदा विकत घेतली, तिच्यासाठी पुन्हा पैसे का द्यायचे, याचे उत्तर मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

ही सोय काढण्यामागे आपले काही कारण असेल. परवान्याचा खर्च असेल, सुरक्षेतली एखादी त्रुटी असेल. सुरक्षेचे कारण असते तर आम्ही समजून घेतले असते, आणि आजही घेऊ. पण ते आम्हाला सांगितलेच नाही. टीव्हीचे पैसे पूर्ण दिल्यावर तो आमचा झाला. अपडेट पाठवण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो तो त्यातले दोष दुरुस्त करण्यासाठी, विकलेली वस्तू आमच्या परवानगीशिवाय कमी करण्यासाठी नाही. हंगाम सुरू असताना हे झाले. ऑक्टोबरपासून आम्ही प्रत्येकाची पाने हातोहात फिरवत आहोत, आणि ज्यांची नजर अधू आहे ते दुसऱ्याच्या सांगण्यावर औषध मारत आहेत. याचे नुकसान पैशात मांडण्याचा माझा प्रयत्न नाही, पण ते होते आहे हे आपल्याला माहीत असावे.

कायद्याची बाजूही लिहून ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या दर्जात उणीव असेल तर त्याला हा कायदा दोष म्हणतो, आणि आपला दावा तर खोक्यावर छापलेला आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आमच्या बाबतीत सांगलीला. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. हा टीव्ही आम्ही भाड्याने देत नाही, बघायला येणाऱ्याकडून पैसे घेत नाही. आमच्या स्वतःच्या शेतीसाठी, स्वतःच्या पोटापाण्यासाठी तो आहे. तेव्हा व्यावसायिक वापराची सबब पुढे करू नये.

आमची मागणी अशी. काढलेली मिराकास्टची सोय नव्या अपडेटने परत द्यावी, किंवा तंत्रज्ञ पाठवून टीव्हीत आधीचे सॉफ्टवेअर बसवून द्यावे. तेही शक्य नसेल तर टीव्ही परत नेऊन बिलाची पूर्ण रक्कम द्यावी. बदली म्हणून दुसरे मॉडेल द्यायचे झाले तर इंटरनेट बंद ठेवून, आमच्याच फोनवर, आमच्याच शेडमध्ये ते चालवून दाखवल्याशिवाय आम्ही स्वीकारणार नाही. आणि ज्यांच्या टीव्हीत हे अपडेट अजून गेलेले नाही त्या ग्राहकांना, ते बसवल्यावर काय जाणार आहे, हे आधी स्पष्ट मराठीत पडद्यावर दाखवावे. सावळजचे आमचे सदस्य टीव्हीला नेट जोडायला घाबरत आहेत, आणि त्यांची भीती रास्त आहे. खोक्यावरचा मजकूरही बदलावा. आजही सांगलीच्या दुकानांत तेच वाक्य छापलेली खोकी विक्रीला आहेत. गेल्या आठवड्यात मी स्वतः पाहिली.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे सांगली जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याचा ठराव गटाने एकमताने केला आहे. ठरावाची प्रत सोबत आहे.

तंत्रज्ञ पाठवणार असाल तर दुपारी दोननंतर पाठवावा. सकाळी आम्ही सगळे फवारणीत असतो आणि शेडला कुलूप असते. निघण्यापूर्वी बिलावरच्या नंबरवर फोन करावा, तासगावच्या एसटी स्टँडवरून आमचा माणूस त्यांना घेऊन येईल. त्यांनी आधीचे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर सोबत आणावे. शेडमध्ये ते उतरवून घेण्याइतके नेट नाही.

कळावे,

आपला,
(सही)
सचिव, द्राक्ष उत्पादक शेतकरी गट
ता. तासगाव, जि. सांगली

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाची झेरॉक्स, खोक्याचा फोटो, गटाच्या ठरावाची प्रत
प्रत माहितीसाठी : अधिकृत विक्रेता, सांगली